आउटबॉक्स

येतं सगळं, म्हणाले गिऱ्हेपुंजे काका.
वीजबिल येतं, बँकेचं येतं,
कुण्या लंडनच्या लॉटरीचंही येऊन राह्यलं.
जात मात्र काहीच नाही बे.

नंदनवन, मे महिना, दुपारचे अडीच.
कूलरच्या टाकीत पाणी तळाला,
पंप कोरडाच घरघरतो.
मी सवयीनं आधी केबल हलवून पाहिली.
तिचा दोष क्वचितच असतो,
पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

मग पडद्यावर डावीकडे पाहिलं:
आउटबॉक्स, कंसात एकेचाळीस.
एकेचाळीस पत्रं, मार्चपासूनची,
एस.टी. बंद झालेल्या फाट्यावर
पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली.

काका, नेट कधी बदललं?
होळीच्या आधी. पोरानं स्वस्तातलं लावून दिलं.
बस, तिथंच.
नव्या कंपनीनं पंचवीस नंबरचा पोर्ट बंद ठेवलाय.
तुमचं टपाल रोज त्या दाराशी जातं,
कडी वाजवतं, परत येतं.
येण्याचं दार वेगळं, जाण्याचं वेगळं,
म्हणून येणारं येत राहिलं
अन् तुम्हाला वाटलं, घर उघडं आहे.

म्हणजे पेन्शनवाल्यांना...
एकही मिळालं नाही, काका.
अन् मी इथं बसून त्यांना
दोन महिने शिव्या देऊन राह्यलो!

पोर्ट पाचशे सत्त्याऐंशी केला.
सर्व्हरला ओळख दाखवायची, त्या चौकटीत खूण केली.
पासवर्डपुरतं मला भिंतीकडे तोंड करायला लावून
त्यांनी एका बोटानं टाइप केला, तीनदा चुकला.
चाचणी लागली. हिरवं आलं.

पण मी आधीच ऑफलाइन करून ठेवलं होतं.
हे कुणी शिकवलं नाही, धंद्यात कळतं:
तुंबलेलं एकदम सोडू नये.
काका, एकदा यादी पाहून घ्या,
बटण दाबलं की ओळीनं सगळी सुटतील.

बावीस पेन्शन कार्यालयाला.
सहा गॅसवाल्याला. चार कुणाकुणाला.
नऊ डोंगरवारला.

डोंगरवार कोराडीला सोबत, तीन नंबरच्या युनिटवर,
रात्रपाळीत एकाच डब्यातले.
संघटनेच्या चहापाण्याचे अकराशे चाळीस रुपये,
त्यावरून फाटलं.
पहिलं पत्र सतरा मार्चचं:
माझं चुकलं गड्या, पावती माझ्याच डायरीत निघाली.
दुसरं: भेटलं का?
तिसरं: एवढा माज?
पाचव्यापासून मी कॅलेंडरकडे पाहत बसलो,
दुधाच्या खाड्यांवर निळ्या पेनाच्या फुल्या होत्या.

आठ पुसली त्यांनी.
एकेक उघडून, ओठ हलवत पूर्ण वाचून.
शेवटच्याला हसले.
शिवी चांगली जमली होती, म्हणाले, वाया गेली.

पाठव आता.
तेहतीस. वीस. सात. काहीच नाही.
काकांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले,
घाम होता की काय, विचारलं नाही.

मिनिटभरात टुणकन एक आलं.
डोंगरवारचं नाही, त्यांच्या सर्व्हरचं:
पेटी भरली आहे. पत्र ठेवता येत नाही.

यावर आपल्याकडे इलाज नाही, मी म्हटलं,
ती पेटी तिकडची, रिकामी त्यांनाच करावी लागेल.
दोनशे घेतले, स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला.
काका आत गेले, बाहेर आले ते
डोक्याला दुपट्टा गुंडाळत, बगलेत डायरी.

तुझी गाडी कन्हानकडून जाते का बे?
मी मानेवाड्याला राहतो काका, अगदीच उलट.
अस्सं, म्हणाले,
आणि पायऱ्या उतरून
माझ्या मागच्या सीटवरची धूळ
रुमालानं झटकू लागले.